सूर्याचे टप्पे आणि उसाचे डोळे

(ऊस विकास अधिकारी, शेती विभाग)



चीन देशात ५ किंवा ६ मार्च या दिवसाला एक वेगळे नाव आहे. त्यांच्या भाषेत ते ‘जिंग-झे’. अर्थ असा की, जमिनीखाली थंडीत निजलेले किडे या सुमारास ढगांच्या पहिल्या गडगडाटाने दचकून जागे होतात. हा काही देवाचा सण नव्हे आणि चंद्राची तिथीही नव्हे. सूर्य आपल्या वाटेवर एका ठराविक जागी आला की तो दिवस धरायचा, एवढाच हिशोब. चिनी शेतकरी दोन हजार वर्षांहून अधिक काळ अशा दिवसांवर शेतीची कामे बेतत आला आहे.

आता आपल्या ऊस शेतकऱ्याला चीनच्या किड्यांशी काय करायचे, असे कोणी म्हणेल. पण आपल्याकडचा शेतकरीदेखील हेच करतो. रोहिणी, मिरग, आडदरा, तरणा, म्हातारा ही नावे कोल्हापूर भागात शाळेत न गेलेल्या माणसालाही पाठ असतात. ही नावेसुद्धा चंद्राच्या तिथीची नाहीत, सूर्याच्या मुक्कामाची आहेत. दोन देशांनी आपापल्या परीने सूर्याची पावले मोजली. त्यातून आपल्या सुरू लागणीला, खोडव्याला आणि हुमणीच्या बंदोबस्ताला काही उपयोगाचे निघते का, ते या लेखात पाहू.

चोवीस टप्पे आणि सत्तावीस नक्षत्रे

सूर्य वर्षभरात आकाशात ३६० अंशांची एक फेरी पुरी करतो असे आपल्याला दिसते. चिनी लोकांनी या फेरीचे २४ भाग केले. एक भाग १५ अंशांचा, म्हणजे साधारण १५ दिवसांचा. आपल्या लोकांनी २७ भाग केले. एक भाग १३ अंश २० कलांचा, म्हणजे १३-१४ दिवसांचा. यालाच आपण ‘सूर्यनक्षत्र’ म्हणतो. पंचांगात ‘मृग नक्षत्रात सूर्याचा प्रवेश’ असे छापलेले असते ते हेच.

चिनी टप्प्यांची नावे मोठी बोलकी आहेत. ४ फेब्रुवारीच्या आसपास ‘ली-चुन’, म्हणजे वसंताचा आरंभ. १९ फेब्रुवारीच्या सुमारास ‘पावसाचे पाणी’, म्हणजे बर्फाऐवजी पाऊस पडू लागण्याचे दिवस. ५ मार्चला किडे जागे होतात. २० मार्चला दिवस-रात्र समान. ४-५ एप्रिलला ‘निर्मळ उजेड’. २० एप्रिलच्या आसपास ‘धान्याचा पाऊस’. पुढे ५-६ जूनला ‘मांग-झोंग’ येतो, म्हणजे कुसळे धरलेले धान्य काढायचे आणि पुढचे पेरायचे, अशी दुहेरी घाई. त्यानंतर लहान उन्हाळा, मोठा उन्हाळा, पांढरे दहिवर, हिमतुषार असे करत फेरी पुरी होते.

यातला ५-६ जूनचा टप्पा आणि आपला ७-८ जूनचा मिरग यांत दोन दिवसांचेच अंतर आहे. तिकडेही पेरणीची घाई, इकडेही पेरणीची घाई. तसेच आपले पूर्वाभाद्रपदा नक्षत्र ४ मार्चच्या सुमारास लागते आणि त्यांचे किडे ५ मार्चला जागे होतात. मात्र पूर्वाभाद्रपदा कधी लागले हे आपल्यातले किती जण सांगतील? आपण रोहिणीपासून हस्तापर्यंतची, फार तर चित्रा-स्वातीपर्यंतची नक्षत्रे लक्षात ठेवली. बाकीची पंचांगात राहिली. कारण उघड आहे. आपली जुनी शेती पावसावरची होती, म्हणून पावसाची नक्षत्रे तेवढी जिभेवर राहिली. आता आपली शेती बारमाही पाण्याची झाली. ऊस तर वर्ष-दीड वर्ष रानात उभा असतो. तेव्हा फेब्रुवारी-मार्चचे दिवसही तितक्याच बारकाईने मोजायला हवेत.

हे चोवीस टप्पे चीनच्या उत्तरेकडील पीत नदीच्या खोऱ्यात बसवले गेले. इ. स. पूर्व १०४ मध्ये तिथल्या राजसत्तेने जे पंचांग लागू केले त्यात ते पक्के झाले. २०१६ साली युनेस्कोने मानवजातीच्या जिवंत वारशाच्या यादीत त्यांचा समावेश केला. २०२२ साली बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकचे उद्घाटन नेमके ४ फेब्रुवारीला, म्हणजे वसंतारंभाच्या दिवशी झाले आणि त्या समारंभाची सुरुवात या चोवीस टप्प्यांची नावे दाखवून करण्यात आली. सांगायचा मुद्दा, उपग्रह सोडणारा देशसुद्धा कुणब्याचे दिवस मोजायला विसरलेला नाही.

तिथी सरकते, सूर्य सरकत नाही

आपले सण तिथीवर. पाडवा कधी मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात येतो तर कधी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात जातो. जोतिबाची चैत्र पौर्णिमेची यात्रा, बेंदूर, पोळा, सगळ्यांचे तसेच. चंद्राचे वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असते. ती तूट भरून काढण्यासाठी अधिक महिना धरावा लागतो. ज्या चांद्र महिन्यात सूर्याची एकही संक्रांत येत नाही, तो अधिक महिना, असा आपला नियम. चीनमध्येही नववर्ष चंद्रावर ठरते आणि २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी यांच्या दरम्यान मागे-पुढे होते. तिकडेही अधिक महिना आहे, आणि नियमही साधारण तोच! चोवीसपैकी बारा मुख्य टप्पे त्यांनी आपल्या संक्रांतींसारखे धरले. ज्या महिन्यात त्यातला एकही पडत नाही तो महिना जादा. २०२३ साली आपल्याकडे अधिक श्रावण होता आणि त्याच साली चीनमध्येही अधिक महिना आला होता. त्यांचा मार्च-एप्रिलात पडला, आपला जुलै-ऑगस्टात.

म्हणून ‘पाडव्याला बाळबांधणी’ किंवा ‘होळीला खत’ असा हिशोब धरणाऱ्याचे काम एखाद्या वर्षी दोन-तीन आठवडे इकडचे तिकडे होऊ शकते. उसाला होळी-पाडवा कळत नाही. त्याला कळते ती ऊब, ओल आणि दिवसाची लांबी. आणि या तिन्ही गोष्टींच्या मुळाशी सूर्य आहे.

आपल्या नक्षत्रांतली एक गोम

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. चिनी टप्पे ऋतूंना घट्ट बांधलेले आहेत. दिवस-रात्र समान होण्याच्या बिंदूपासून ते मोजतात. आपली नक्षत्रे ताऱ्यांना बांधलेली आहेत. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा अतिशय सावकाश डोलतो, त्यामुळे ताऱ्यांचे वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा किंचित मोठे आहे. हा फरक सुमारे ७२ वर्षांत एक दिवस इतका पडतो. एका पिढीत तो कळतही नाही. पण हजार वर्षांत चौदा दिवस, म्हणजे जवळजवळ एक अख्खे नक्षत्र सरकते!

याचा घरातला पुरावा म्हणजे मकर संक्रांत. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ रोजी झाला. त्या दिवशी मकर संक्रांत होती. आज संक्रांत १४ जानेवारीला, काही वर्षी १५ लाही येते. सूर्य प्रत्यक्षात उत्तरेकडे वळतो तो २१-२२ डिसेंबरलाच. संक्रांत मात्र हळूहळू पुढे चालली आहे. मिरगाचेही तेच. आपले पणजोबा ज्या मिरगावर पेरत होते तो एखाद-दुसऱ्या दिवसाने अलीकडे होता. आणखी दोन हजार वर्षांनी मिरग जुलै महिन्यात जाईल. तेव्हा त्याला पेरणीचे नक्षत्र कोण म्हणेल?

हा विचार आपल्याकडे झालेला नाही असे नाही. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या भारतीय ज्योतिषाच्या इतिहासात ऋतूंशी जुळणाऱ्या ‘सायन’ गणनेची बाजू मांडली. स्वातंत्र्यानंतर शास्त्रज्ञ मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली गेली आणि २२ मार्च १९५७ पासून भारताची राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. तिचा चैत्र नेहमी २२ मार्चला (लीप वर्षी २१ मार्चला) सुरू होतो. ती ऋतूंना बांधलेली आहे, चिनी टप्प्यांसारखीच. सरकारी राजपत्रावर ती छापलेली असते, शेतकऱ्याच्या भिंतीवर मात्र आलेली नाही. असो.

गाढव, बेडूक आणि हवामान खाते

नक्षत्रांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट बोलायलाच हवी. पंचांगात प्रत्येक पावसाळी नक्षत्राला एक वाहन दिलेले असते. बेडूक, म्हैस, हत्ती आले की पाऊस चांगला. गाढव-कोल्हा आले की मंडळींचे चेहरे उतरतात. हे वाहन कसे ठरते? सूर्याच्या नक्षत्रापासून त्या दिवशीच्या चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचे, त्या आकड्याला ९ ने भागायचे आणि बाकी उरेल त्यावरून वाहन काढायचे. यात ढगाचा, वाऱ्याचा, समुद्राचा कुठेच संबंध येत नाही. तो नुसता भागाकार आहे. गंमत म्हणून वाचावे, पेरणी-लागण त्यावर ठरवू नये.

नक्षत्राचा दिवस आणि पावसाचा दिवस हेही वेगळे धरावेत. २०२३ साली मिरग कोरडा गेला. मोसमी वारे मुंबईत पोहोचायला २५ जून उजाडला. उलट २०२५ साली मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला, म्हणजे रोहिणी लागून पुरता दिवस होतो न होतो तोच. दोन वर्षांत एका महिन्याचा फरक! सूर्य दोन्ही वर्षी एकाच दिवशी एकाच जागी होता. म्हणून सूर्याच्या तारखेवर ‘तयारी’ करावी आणि प्रत्यक्ष काम हवामान खात्याचा अंदाज व रानातली ओल पाहून करावे.

खुद्द चीनमध्येही असेच आहे. टप्पे बसवले उत्तरेत, पण त्यांचा ऊस पिकतो दक्षिणेतल्या ग्वांगशी प्रांतात. त्या देशाच्या साखरेचा अर्ध्याहून मोठा हिस्सा एकट्या या प्रांतातून येतो. उत्तरेत नदीवर बर्फ असते तेव्हा दक्षिणेत उसाची तोडणी चाललेली असते आणि वसंतातल्या लागणीची तयारी सुरू असते. त्यामुळे नाव तेच ठेवून प्रत्येक मुलखाने कामे आपल्या हवेप्रमाणे बसवून घेतली. आपल्या जिल्ह्यात तर हे अधिकच लागू आहे. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि शिरोळ तालुक्यात पाचसहाशे. दहापट फरक! एकच म्हण दोन्हीकडे कशी चालेल?

उसाचा डोळा केव्हा जागा होतो

लागणीच्या वेळी एका गावी बैठकीत एक वयोवृद्ध सभासद म्हणाले, “सायेब, तुमच्या तारखा भिंतीवर ऱ्हात्यात. मातीला कॅलेंडर वाचाय येत न्हाई.” मी म्हटले, “आबा, खरं आहे. पण मातीला ऊब कळते, आणि ऊब सूर्याच्या तारखेनंच येते.” त्यावर ते म्हणाले, “मग तारीख सांगा, पर का ते बी सांगा.” त्यांचे म्हणणे रास्त होते. म्हणून कारणासकट सांगतो.

उसाच्या कांडीवरचा डोळा हा निजलेला कोंब असतो. तो चांगला फुटायला साधारण २६ ते ३२ अंश सेल्सिअस ऊब लागते. २० अंशांच्या खाली उगवण मंदावते. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १४-१५ अंशांपर्यंत, कधी त्याहूनही खाली येतो. त्यामुळे डिसेंबरअखेरीस लावलेले बेणे दीड-दीड महिना जमिनीत पडून राहिल्यासारखे वाटते. शेतकरी घाबरतो आणि पाण्यावर पाणी देतो. गार माती आणखी गार होते, बेणे कुजते आणि मग सांधणी करायची पाळी येते. खरे तर त्या वेळी वाफसा सांभाळणे महत्त्वाचे. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापासून, म्हणजे त्यांचा वसंतारंभ आणि आपले धनिष्ठा नक्षत्र यांच्या सुमारास, ऊब वाढते आणि तेच बेणे सपाट्याने उगवून येते.

मग थंडी उसाची वैरीच का? मुळीच नाही. तीच थंडी तयार उसाला गोडी आणते. दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री गारवा असला की उसाची वाढ थांबते आणि साखर कांड्यात साठते. कोल्हापूर विभागाचा साखर उतारा राज्यात वरच्या क्रमांकावर असतो, त्यात जमिनीबरोबर या हवेचा वाटा आहे. मार्चपासून उन्हाचा ताव वाढला की उभ्या उसाचे पाणी आटते, वजन घटते आणि पुढे उताराही उतरू लागतो. म्हणजे जो वसंत नव्या लागणीला जागवतो, तोच वसंत फडात राहिलेल्या उसाला खातो. एकाच सूर्याची ही दोन कामे आहेत.

यातूनच तोडणीच्या क्रमाचा प्रश्न येतो. क्रमपाळी लागते ती लागणीच्या नोंदलेल्या तारखेवर. काही सभासद लवकर तोड मिळावी म्हणून नोंदीत तारीख पंधरा-वीस दिवस मागे देतात. त्याने काय होते? कोवळा ऊस आधी तुटतो, उतारा पडतो आणि शेजाऱ्याचा पक्व ऊस मार्च-एप्रिलच्या उन्हात वाळतो. पडलेल्या उताऱ्याचा फटका सर्वांच्या दराला बसतो, खोटी तारीख देणाऱ्यालासुद्धा. सूर्याला फसवता येत नाही, फसतो तो आपलाच कारखाना. तेव्हा लागण झाली की आठ दिवसांच्या आत गटाच्या कार्यालयात खरी तारीख नोंदवावी, ही कळकळीची विनंती आहे.

थंडीची झोप आणि उन्हाची झोप

आता किड्यांकडे वळू. चीनमध्ये जिंग-झेच्या दिवशी काही गावांत उंबऱ्याभोवती चुन्याची रेघ ओढतात, काही ठिकाणी कढईत दाणे तडतडवतात आणि किडा भाजला असे मानतात. विधी बाजूला ठेवला तरी त्यामागचे शहाणपण घेण्यासारखे आहे. किडा जागा होतो त्या दिवशीच शेतकऱ्यानेही जागे व्हावे.

पण तिकडचा किडा थंडीने निजतो आणि उबेने उठतो. आपल्याकडे थंडी एवढी कडक नाही. आपल्याकडचे कितीतरी किडे कोरड्या उन्हाळ्यात निजतात आणि ओल मिळाली की उठतात. मृगाचा तांबडा मखमली किडा सर्वांनी पाहिलेला आहे. तो निरुपद्रवी. उलट इतर बारीक किडे खाणारा. पण त्याच ओलीने उठणारी हुमणी मात्र आपल्या फडाची कर्दनकाळ आहे.

म्हणजे आपल्या रानात ‘किडे जागे होण्याचे’ दिवस दोन आहेत.

पहिला मार्चमध्ये. सुरू उसात खोडकिडीचा जोर याच वेळी चढतो. ऊन वाढले, हवा कोरडी झाली की तिला फावते. मादी पतंग पानाच्या खालच्या बाजूला अंडी घालते. अळी जमिनीलगत कोंबात शिरते आणि पोंगा वाळतो. वाळलेला पोंगा ओढला की सहज हातात येतो आणि त्याला कुजका वास असतो. उशिरा लावलेल्या सुरू उसाला हा त्रास जास्त होतो, कारण ऊन तापते तेव्हा त्याचे कोंब अगदी कोवळे असतात. १५ फेब्रुवारीनंतर सुरू लागण करू नये, असे आम्ही वारंवार सांगतो त्यामागे हेही एक कारण आहे.

दुसरा दिवस मे-जूनमध्ये, वळवाच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर. हुमणीचा भुंगेरा नोव्हेंबर-डिसेंबरपासूनच जमिनीत तयार होऊन निजलेला असतो. वळवाने माती भिजली, मऊ झाली की तो संध्याकाळी सात-साडेसातच्या सुमारास वर येतो आणि कडुलिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर पाला खायला जमतो. तिथेच मीलन होते आणि पहाटेपूर्वी मादी पुन्हा मातीत शिरून अंडी घालते. एक मादी पन्नास-साठ अंडी घालू शकते. दहा-पंधरा दिवसांत अळी निघते आणि पुढचे पाच-सहा महिने मुळे खात राहते. ऑगस्ट-सप्टेंबरात ऊस पिवळा पडू लागतो, हाताने ओढला तरी उपटून येतो, तेव्हा आपण जागे होतो. तोवर अळी मोठी झालेली असते आणि औषध म्हणावे तसे चालत नाही.

वर्षात हुमणीची एकच पिढी होते. म्हणजे तिला गाठायची संधीही वर्षातून एकदाच, वळवानंतरच्या त्या आठ-पंधरा संध्याकाळी. त्या वेळी एक मादी भुंगेरा मारला तर पन्नास अळ्या वाचल्या, असा सरळ हिशोब आहे. झाडे हलवून, खाली पडलेले भुंगेरे वेचून रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकावेत. प्रकाश सापळे लावावेत. मात्र एकट्याने करून भागत नाही. तुमच्या बांधावरचे झाड साफ झाले आणि शेजाऱ्याचे राहिले, तर ती अंडी तुमच्याच सरीत येणार. हे काम गावाने एकाच आठवड्यात करायचे आहे. नदीकाठच्या जमिनीत हुमणीची आणखी एक जात आढळते, तिचे भुंगेरे झाडावर खायला येत नाहीत. तिथे शेणखतातून हेक्टरी २० किलो मेटारायझियम ही उपयुक्त बुरशी देणे आणि नांगरटीच्या वेळी अळ्या वेचणे यावर भर द्यावा.

खोडव्याचा वसंत

खोडवा हा तर वसंताचाच ऊस. तुटलेल्या बुडख्यावरचे डोळे जमिनीखालून फुटतात. १५ फेब्रुवारीपर्यंत तुटलेल्या उसाचाच खोडवा राखावा अशी शिफारस आहे. त्यानंतर तुटलेल्या फडात फुटवे कडक उन्हात सापडतात, खोडकीड लागते, नांग्या पडतात आणि पावसाळ्यापूर्वी वाढीला पुरेसे दिवस मिळत नाहीत.

पाचट पेटवण्याची सवय अजून काही गावांत आहे. मार्चच्या उन्हात जमीन उघडी पडते, ओल उडते आणि जळते ते आपलेच सेंद्रिय खत. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघते. ते सरीत बसवून त्यावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकले तर पावसाळ्यापर्यंत ते मातीत मिसळू लागते. उन्हाळ्यात पाण्याची पाळी एखाद्या वेळी उशिरा आली तरी पाचटाखालची ओल टिकते. भारनियमनाच्या दिवसांत ही गोष्ट लहान नाही.

आपल्या रानाचे सूर्यपत्रक

वरील सर्व विवेचन ध्यानात घेऊन सुरू ऊस व खोडव्यासाठी खालीलप्रमाणे दिवस धरावेत. तारखा सूर्याच्या आहेत, दरवर्षी त्याच राहतील. प्रत्यक्ष काम वाफसा पाहून करावे.

१) ६ फेब्रुवारी, धनिष्ठा (चीनचा वसंतारंभ ४ फेब्रुवारी) : राहिलेली सुरू लागण १५ तारखेच्या आत उरकावी. बेणे ९ ते ११ महिन्यांचे, मळ्यातले. लागणीपूर्वी १०० लिटर पाण्यात १०० ग्रॅम कार्बेन्डाझिमच्या द्रावणात दहा मिनिटे बुडवावे. उशीर होत असेल तर रोपवाटिकेतील रोपे लावावीत, महिन्याभराचे दिवस वाचतात.

२) १९ फेब्रुवारी, शततारका : तुटलेल्या फडात बुडखे जमिनीलगत छाटावेत. पाचट सरीत बसवावे. तोडणीनंतर पंधरा दिवसांच्या आत पहारीने खताचा पहिला हप्ता द्यावा.

३) ४ मार्च, पूर्वाभाद्रपदा (किडे जागे होण्याचा दिवस) : या दिवसापासून आठवड्यातून एकदा सुरू उसात उभे-आडवे फिरावे. वाळलेले पोंगे उपटून नष्ट करावेत. ट्रायकोकार्डची मागणी गटाकडे नोंदवावी.

४) १७-१८ मार्च, उत्तराभाद्रपदा (दिवस-रात्र समान २० मार्च) : जानेवारीच्या लागणीला सहा ते आठ आठवडे पुरे होतात. बाळबांधणी करून कोंबाला मातीची भर द्यावी, खोडकिडीच्या अळीची वाट बंद होते. नत्राचा ४० टक्क्यांचा हप्ता याच वेळी द्यावा.

५) १३-१४ एप्रिल, अश्विनी : नांग्या उरल्या असल्यास पिशवीतील रोपांनी भराव्यात. पाण्याच्या दोन पाळ्यांत फार अंतर पडू देऊ नये.

६) ११ मे, कृत्तिका : मोठ्या बांधणीची तयारी करावी. लागणीला चार-साडेचार महिने झाले असल्यास वळवाची वाट न पाहता बांधणी उरकावी.

७) २५ मे, रोहिणी : ही आपली खरी जिंग-झे. पहिला वळीव झाला त्याच संध्याकाळी भुंगेरे वेचायला बाहेर पडावे. वळीव लवकर झाला तर तारखेची वाट पाहू नये.

८) ७-८ जून, मिरग : चर, ओढे व बांधावरच्या वाटा मोकळ्या कराव्यात. २०१९ आणि २०२१ सालच्या महापुरात नदीकाठचा ऊस किती दिवस पाण्याखाली राहिला हे आपण विसरलेलो नाही. पाण्याला वाट आधी काढलेली बरी.

हे पत्रक कापून घरात पंचांगाशेजारी लावावे. प्रत्येक सभासदाने त्यापुढे आपल्या रानातली प्रत्यक्ष तारीख लिहावी. पहिला कोंब केव्हा दिसला, पहिला पोंगा केव्हा वाळला, पहिला भुंगेरा कोणत्या झाडावर सापडला. चिनी शेतकऱ्यांचे चोवीस टप्पे काय किंवा आपल्या वाडवडिलांचा मिरग काय, ते कोणी एका माणसाने एका वर्षात बसवलेले नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या बघून, लक्षात ठेवून आणि एकमेकांना सांगून ते जमले. आपल्या कार्यक्षेत्रातील सभासदांनी पाच वर्षे अशा नोंदी ठेवल्या, तर आपल्या प्रत्येक गटाचे स्वतःचे पत्रक तयार होईल आणि ते कोणत्याही पंचांगापेक्षा आपल्या उसाला जास्त उपयोगी पडेल.

हुमणीच्या सामुदायिक मोहिमेसाठी प्रत्येक गावातून दहा-दहा तरुणांची यादी एप्रिलअखेर गट कार्यालयात द्यावी. प्रकाश सापळ्यांची मागणीही त्याच वेळी नोंदवावी. वळीव सांगून येत नाही, पण यादी आधी तयार असली की त्याच संध्याकाळी बाहेर पडता येईल.